सिम्युलेटेड पेशंट : नट घ्यावा, साधा माणूस की खरा रुग्ण?

सिम्युलेटेड पेशंट म्हणजे वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या सरावासाठी किंवा परीक्षेसाठी रुग्णाची भूमिका करणारा माणूस. तो कोण असावा, हा निर्णय बजेटवरून घेऊ नका. विद्यार्थ्याकडून नेमकं काय करून घ्यायचंय, त्यावरून घ्या.

कर्करोगाचं निदान सांगणं, चिडलेल्या नातेवाइकाशी बोलणं, आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारणं यासाठी नटच हवा. विद्यार्थी मान खाली घालून पुढचा प्रश्न विचारतो, तसा नट एकेका शब्दात उत्तरं देऊ लागतो. विद्यार्थ्याने थांबून ‘कसली काळजी वाटतेय?’ विचारलं की नट हळूहळू बोलता होतो. हा चढउतार नवख्याला जमत नाही. पण नटाला प्रसंग रंगवायची खोड असते. संहितेत नसलेला वडिलांचा हार्ट अटॅक तो सहज घालतो आणि विद्यार्थ्याची तीन मिनिटं त्यातच जातात. सरावात हे चालून जातं, परीक्षेत नाही.

ओएससीईसाठी (विद्यार्थी एकेका टेबलावर, म्हणजे ‘स्टेशन’वर, ठरावीक वेळात एकेक काम करून दाखवतात ती परीक्षा) म्हणूनच नीट तालीम दिलेला साधा माणूस बरा. (ही पद्धत सुरू करणारे अमेरिकी डॉक्टर हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३मध्ये तयार केलेली पहिली ‘रुग्ण’ही नटी नव्हती, चित्रकारांची मॉडेल होती.) आठ-दहा मिनिटांच्या स्टेशनवर तेच दुखणं दहा-बारा वेळा, त्याच शब्दांत सांगायचं असतं. संहितेचे तीन भाग करा : पहिलं वाक्य, तेही शब्दशः, आपणहून सांगायच्या गोष्टी, आणि विचारल्याशिवाय सांगायच्याच नाहीत अशा. ‘अजून काही त्रास?’ या मोघम प्रश्नाला किती सांगायचं, तेही लिहून ठेवा, कारण घोळ तिथेच होतो : एकाला आयतं मिळतं, दुसऱ्याला खोदून काढावं लागतं. माणूस दमला की राखून ठेवायची माहितीही आपसूक बाहेर येऊ लागते, म्हणून एका भूमिकेला दोघं तयार ठेवा. दोघांना एका विद्यार्थ्याचा एकच व्हिडिओ दाखवून गुणपत्रिकेवर स्वतंत्र गुण द्यायला लावा. जिथे गुण जुळत नाहीत, गुणपत्रिकेतल्या त्या मुद्द्याचे शब्द मोघम आहेत असं समजा.

पोट दाबल्यावर स्नायू आवळणं, हात सोडताच कळवळणं, लंगडणं हे नटालाही आणि साध्या माणसालाही शिकवता येतं. हृदयातली मर्मर (स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारा जादा आवाज) किंवा वाढलेली प्लीहा मात्र खऱ्या रुग्णाकडेच सापडणार. तो कहाणी स्वतःचीच सांगणार, आणि एकामागून एक हात पोटात रुतले की दुखणारही. त्यामुळे विद्यार्थी मोजकेच ठेवा आणि बदली रुग्ण ठरवून ठेवा.

नेमण्याआधी अंगावरच्या खुणा बघा. उजव्या ओटीपोटावर अपेंडिक्सच्या ऑपरेशनचा व्रण असलेल्याला अपेंडिसायटिसची केस दिली, तर हुशार विद्यार्थी तिथेच अडतो आणि चूक त्याची नसते.

सुई टोचणं, टाके घालणं कुणाच्याच अंगावर नको. टाक्यांच्या सरावाचा पॅड (कृत्रिम कातडीचा तुकडा) नटाच्या दंडावर बांधा, वर चादर घाला. विद्यार्थ्याला टाका घालता घालता बोलावंही लागतं. नुसत्या पॅडवर सराव केलेले इथे हमखास गप्प होतात.

अभिप्राय द्यायच्या कामात नट सरस ठरतात. ‘तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत, तेव्हा मी पुढचं सांगायचं टाळलं’ एवढंच त्यांनी सांगावं. निदान बरोबर की चूक, हे शिक्षकाने बघावं.

मृत्यूच्या बातमीची भूमिका देण्याआधी घरात नुकतंच असं काही घडलंय का, हे एकांतात विचारा. काम संपल्यावर पाच-दहा मिनिटं राखा. त्याला कपडे बदलू द्या आणि त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा.