साडेसत्तावीस की एकोणतीस? हलकी माउंटन बाइक घेणाऱ्यांसाठी

दहा-अकरा किलोची माउंटन बाइक घ्यायचं ठरलं की पैशांखालोखाल प्रश्न येतो चाकाचा. सव्वीस इंची चाकं आता चांगल्या नव्या सायकलींवर जवळपास उरलेली नाहीत. त्यामुळे निवड राहते ती साडेसत्तावीस आणि एकोणतीस यांच्यात. माझं मत आधीच सांगते. उंची पाच फूट सहा इंच किंवा त्याहून जास्त असेल तर एकोणतीस घ्या आणि वाद मिटवा. पाच फूट दोनच्या खाली असाल, तर कुणी कितीही आग्रह करो, साडेसत्तावीस चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. खरा घोळ आहे तो मधल्यांचा, आणि मी त्या मधल्यांतलीच, पाच फूट तीन.

माझा भाचा पाच अकरा आहे आणि एकोणतीसचा कट्टर पक्षपाती. आमचा वाद बरेच दिवस चालला होता, म्हणून ओळखीच्यांकडून एकाच कंपनीच्या दोन कार्बन हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे शॉकअप असलेल्या सायकली, मागून आणल्या. एक थोडी जुनी, साडेसत्तावीसची, दुसरी नवी, एकोणतीसची. दोन्ही स्मॉल मापाच्या, दोन्ही दहा किलोच्या आसपास. सोबतीला भाच्याची साडेतेरा किलोची ॲल्युमिनियमची एकोणतीस होतीच. कार्बनच्या दोघींवर एकाच जातीचे सव्वादोन इंची ट्यूबलेस टायर चढवले, हवेचा दाब दोन्हींत वीस पीएसआय ठेवला आणि सासवडकडच्या मुरमाड टेकड्यांवर त्याच वाटा आलटूनपालटून चालवल्या. टायर आणि हवा सारखी नसेल तर अशी तुलना करूच नये. दुकानातल्या सायकलीत बहुधा हवा ठासून भरलेली असते. त्या कडक टायरवर फेरी मारून आलेला माणूस चाकाविषयी बोलतोय असं त्याला वाटतं, पण बोलत असतो तो हवेविषयी.

थोडे आकडे लागतील. टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास सव्वीसच्या चाकाचा ५५९ मिलिमीटर, साडेसत्तावीसचा ५८४ आणि एकोणतीसचा ६२२. म्हणजे साडेसत्तावीस बरोबर मध्यावर नाही, ते सव्वीसकडे झुकलेलं आहे. सव्वादोन इंची टायर चढवल्यावर बाहेरचा व्यास साधारण ६७३, ६९८ आणि ७३६ मिलिमीटर होतो. वर्षानुवर्षं सव्वीसची चालवलेल्यांना साडेसत्तावीसवर बसून फारसं काही बदलल्यासारखं वाटत नाही आणि एकोणतीसवर लगेच वाटतं, ते यामुळे.

दगडांवर एकोणतीस सरस आहे, यात मला आता शंका नाही. दहा सेंटिमीटर उंचीच्या दगडाला चाक पहिल्यांदा भिडतं तो कोन साडेसत्तावीसला सुमारे साडेचव्वेचाळीस अंशांचा येतो आणि एकोणतीसला सव्वात्रेचाळीसचा. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. पण आपल्याकडच्या उतारावर दगड एकटा नसतो. मुठीएवढे सुटे दगड, मध्येच मुरुमातून वर आलेला बेसाल्टचा कंगोरा, पावसाने कापलेली नाळ, आणि प्रत्येक ठिकाणी थोडाथोडा वेग जातो. एकोणतीसवर तो कमी जातो, आणि तेवढंच कमी पायडल पुन्हा मारावं लागतं. कोकणातल्या सड्यावर, जिथे जांभ्याला भोकंच भोकं असतात, तिथे तर हा फायदा आणखी स्पष्ट कळतो, कारण मोठं चाक त्या भोकांत कमी उतरतं. हार्डटेलवर मागे शॉकअप नसतो, त्यामुळे हे सगळं थेट कमरेला कळतं.

वळणांवर मात्र साडेसत्तावीसने मला जिंकलं. करवंदीच्या जाळ्यांमधून जाणारी अरुंद पायवाट, एकामागून एक उलटसुलट वळणं, वेग फार नाही, अशा जागी सायकल मनात आलं की वळते. एकोणतीसला तेच वळण थोडं आधीपासून मनात धरावं लागतं. भाचा म्हणाला, "मावशी, सवय झाली की हे जाणवतही नाही." त्याला जाणवत नाही हे खरं आहे, कारण त्याचे हात लांब आहेत आणि तो सायकलच्या वर उभा राहून तिला झुकवतो. माझ्या मापाच्या माणसाला तेवढी मोकळीक मिळत नाही.

चढाबद्दल मात्र बराच गैरसमज आहे. "एकोणतीस चढाला जड जाते" हे वाक्य प्रत्येक सायकलगटात ऐकू येतं. पुढे ३२ दातांची चेनरिंग (पायडलजवळचं दातेरी चक्र) आणि मागे ५० दातांचा सगळ्यात मोठा गिअर असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात एकोणतीसची सायकल सुमारे १४८ सेंटिमीटर पुढे जाते आणि साडेसत्तावीसची १४०. पायाला जड लागतं ते हेच. पुढची चेनरिंग ३० दातांची करा, हाच आकडा एकोणतीसवर १३९ होतो आणि तक्रार संपते. चेनरिंग बदलणं हे काही मोठं काम नाही. चेनरिंगचा खर्च वाचवायला चाकाचं माप बदलू नका.

दुसरा समज वजनाचा. रिम आणि टायरवरचं वजन वेग घेताना दुप्पट मोजावं लागतं, कारण ते पुढेही जातं आणि गोलही फिरतं. हे बरोबर आहे. पण या हिशोबात चाकाच्या व्यासाला जागाच नाही. चाक लहान असो वा मोठं, टायरवरचा शंभर ग्रॅमचा भार वेग घेताना सारखाच नडतो. एकोणतीसचं नुकसान एवढंच, की घेर मोठा म्हणून सामान थोडं जास्त लागतं. टायर, रिम आणि स्पोक धरून दोन्ही चाकांत मिळून सुमारे दीडशे ग्रॅम. उलट एकाच मापाच्या दोन वेगळ्या टायरांत, एक शर्यतीचा नि एक दणकट, प्रत्येकी तीनशे ग्रॅमचा फरक सहज असतो. मग वजनाच्या नावाखाली चाकाच्या मापावर भांडण्यात काय अर्थ आहे?

आणि टायरबाबत आपली जमीन स्वतःचं म्हणणं मांडते. कागदासारखा पातळ सहाशे ग्रॅमचा शर्यतीचा टायर युरोपातल्या जंगलातल्या मातीवर छान पळत असेल. इथे बाभळीचे काटे आहेत आणि बेसाल्टच्या धारेने टायरची बाजू चिरते. काट्याचं भोक सीलंट, म्हणजे टायरमधला गळती बुजवणारा द्रव, भरून काढतं, चिरलेली बाजू नाही. साडेसातशे-आठशे ग्रॅमचा, बाजू मजबूत असलेला टायर घ्या आणि ते वजन आनंदाने वाहा.

मग हलकी सायकल घेऊन मिळतं काय? माणूस, पाणी, सामान आणि सायकल मिळून ऐंशी किलो धरले, तर एक किलो कमी केल्याने तासाभराच्या चांगल्या चढाला पाऊण मिनिट वाचतं. दहा किलोची कार्बन आणि साडेतेरा किलोची ॲल्युमिनियम यांच्यात त्याच चढावर अडीच-तीन मिनिटं. शर्यत लावणाऱ्याला हे सोन्यासारखं. बाकीच्यांना हलकेपणा जाणवतो तो वेगळ्याच ठिकाणी: सायकल खांद्यावर घेऊन नाळ ओलांडताना, पुढचं चाक उचलून दगडावर ठेवताना, दिवसअखेरीस हात थकलेले असताना. पन्नास किलोच्या बाईला साडेतीन किलो म्हणजे स्वतःच्या वजनाच्या सात टक्के. भाच्याला ते पाचही होत नाहीत. बुटक्या, हलक्या माणसांनी म्हणूनच वजनावर जास्त पैसे घालावेत असं मला मनापासून वाटतं, आणि दुकानांत नेमका उलटा सल्ला मिळतो: "मॅडम, तुम्हाला एवढी महाग कशाला?"

शर्यतींचा दाखला भाच्याचा हुकमी एक्का. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकच्या क्रॉसकंट्री शर्यतीत यारोस्लाव कुल्हावीने एकोणतीसवर सुवर्ण घेतलं, आणि साडेसत्तावीसवरचा निनो शुर्टर अवघ्या एका सेकंदाने मागे राहिला. त्याच शुर्टरने २०१६ मध्ये रिओला सुवर्ण जिंकलं ते एकोणतीसवर. टोकियो आणि पॅरिस अशी लागोपाठ दोन सुवर्णं घेणारा टॉम पिडकॉक फार उंच नाही, तोही एकोणतीसवरच. क्रॉसकंट्रीच्या सर्वोच्च पातळीवर हा वाद संपला आहे, हे मान्य करायलाच हवं.

पण शुर्टरच्या सायकलीचा फोटो नीट पाहा. हँडल खाली आणण्यासाठी स्टेम, म्हणजे हँडल सायकलला जोडणारा दांडा, जमिनीकडे झुकवलेला असतो. मोठं चाक म्हणजे पुढचा शॉकअप उंच, शॉकअप उंच म्हणजे हँडल उंच, आणि सीट खाली असलेल्या बुटक्या माणसासाठी ते हँडल छातीवर येतं. मग पुढच्या चाकावर वजन पडत नाही आणि चढावर पुढचं चाक भरकटतं. पगारी मेकॅनिक आणि हवे ते भाग हाताशी असणाऱ्याला हे सुधारता येतं. दुकानातून उचललेल्या सायकलीवर आपण सपाट हँडल आणि उलटा लावलेला स्टेम इथपर्यंतच जाऊ शकतो. माझ्या उंचीला तेवढं पुरलं. माझ्या एका चार फूट अकराच्या मैत्रिणीला नाही पुरलं. हँडल वळवलं की तिच्या बुटाचं टोक पुढच्या टायरला लागत होतं. तीव्र उतारावर मागे सरकली की मागचा टायर पँटला घासत होता. सायकलवरून उतरताना मांड्यांमध्ये सांगाड्याच्या आडव्या नळीसाठी जागाच उरत नव्हती. साडेसत्तावीसवर बसताच तिचा चेहरा बदलला, आणि त्याच उतारावर ती पहिल्यांदा ब्रेक सोडून उतरली. कंपन्यांना हे कळत नाही असं नाही. ट्रेकच्या मार्लिनमध्ये छोट्या मापांना साडेसत्तावीसची चाकं आणि मोठ्या मापांना एकोणतीसची, अशी विभागणी आहे. मात्र महागड्या हलक्या कार्बनमध्ये ही सोय दुर्मीळ होत चालली आहे, आणि कमी उंचीच्या बायकांवर हा अन्याय आहे.

पुढे एकोणतीस आणि मागे साडेसत्तावीस असा मिश्र प्रकारही आहे. सरळ कड्यासारख्या उतारांवर शरीर मागे न्यायला जागा मिळते, म्हणून डाउनहिलवाले तो वापरतात. चढ-उतार दोन्ही करणाऱ्या हलक्या सायकलीला त्याची गरज नाही.

पावसाळ्यात चालवणार असाल तर मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंना सांगाड्याच्या नळ्यांपासून किती जागा आहे ते बोट घालून पाहा. काळी माती एकदा चिकटली की चाक फिरायचं थांबतं, आणि आखूड मागचा भाग असलेल्या एकोणतीसमध्ये ही जागा कधीकधी फारच कमी असते.

खेड्यातल्या दुकानाचाही विचार करा. तिथला अठ्ठावीस इंची टायर जुन्या काळ्या सायकलीचा, ६३५ मिलिमीटरच्या रिमचा. तो एकोणतीसवर बसणार नाही. पण एकोणतीसचं रिम रोड बाइकच्या ७००सी रिमच्याच व्यासाचं आहे, त्यामुळे हायब्रिड सायकलची ट्यूब अडीअडचणीला चालून जाते. शहरातसुद्धा चांगल्या टायरांची निवड एकोणतीसमध्येच जास्त आहे.

मी स्वतः एकोणतीस घेते आहे, स्मॉल माप, पुढे ३० दातांची चेनरिंग, सपाट हँडल. मुरुमावर आणि दगडांवर मिळणारा निवांतपणा मला वळणांवरच्या चपळाईपेक्षा जास्त हवा आहे. मैत्रीण वापरलेली साडेसत्तावीसची कार्बन शोधते आहे. तुम्हीही तशी शोधत असाल तर नळ्यांचे सांधे आणि खालच्या बाजूचे दगडांचे घाव उजेडात तपासा, मागच्या चाकाचा मधला हब हाताने फिरवून ऐका, आणि सौदा ठरला की त्याच आठवड्यात टायरची एक जादा जोडी घेऊन ठेवा.