"सोल्डर केलंत ना, मग आता परत घेता येणार नाही"

गिटारच्या अँपचं किट विकणाऱ्याचा हा मेसेज मला आला तेव्हा माझे ३४ हजार जाऊन तीन महिने झाले होते. पैसे गेल्याचं वाईट वाटतंच, पण जास्त राग ह्याचा येतो की त्यातला दीड महिना मी स्वतःलाच गाढव समजत होतो.

कॉलेजपासून गिटार वाजवतो आणि व्हॉल्व्ह अँपची, म्हणजे काचेच्या जुन्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या अँप्लिफायरची, हौस तेव्हापासूनचीच. बाहेरून आणायचा तर शिपिंग, कस्टम ड्युटी, वर २३० व्होल्टचं लफडं, म्हणून म्हटलं किट घेऊन आपणच बनवू. फेंडर कंपनीचा १९५० च्या दशकातला जो छोटा चॅम्प अँप आहे, ५एफ१ सर्किटवाला, तो पहिल्यांदा बनवणाऱ्याला सगळेच सांगतात कारण त्यात आहे काय, तीन व्हॉल्व्ह. एक १२एएक्स७, एक ६व्ही६, एक ५वाय३ रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा), जेमतेम ५ वॅट आणि ८ इंची स्पीकर. सर्किट डायग्राम कुठेही मिळतो. सोल्डरिंग बऱ्यापैकी येत असेल तर चार वीकेंडचं काम.

तर एक विक्रेता सापडला, आपल्याच देशातला, नाव घेत नाही. जाहिरातीत दोन गोष्टी अशा होत्या की मी विरघळलोच. एक म्हणजे "२३० व्होल्टसाठी खास हाताने वाइंड केलेला ट्रान्सफॉर्मर" आणि दुसरी "अमेरिकन एनओएस ६व्ही६", म्हणजे जुन्या काळात बनलेला पण कधी न वापरलेला. आधी निम्मे पैसे मागितले, मग पंधरा दिवसांनी म्हणाला पार्सल तयार आहे, उरलेले टाका म्हणजे पाठवतो, आणि मी दोन्ही वेळा यूपीआयने टाकून मोकळा. बायको म्हणाली क्रेडिट कार्डाने दे की. म्हटलं तो कार्डावर दोन टक्के जास्त घेतो. दोन टक्के वाचवले मी.

खोकं उघडलं तर सगळं जागेवर. एक स्क्रू कमी नाही, रेझिस्टरच्या पिशव्यांवर सुवाच्य अक्षरात नंबर, पाइनच्या लाकडाचा वास, वर ट्वीडचं कापड, आणि म्हणूनच मला काडीचा संशय आला नाही. रिकामं खोकं किंवा साबणाची वडी आली असती तर त्याच दिवशी बोंब मारली असती.

कागदावर बारीक अक्षरात होतं की तक्रार ७ दिवसांत करावी आणि सोल्डर केलेला पार्ट परत घेतला जाणार नाही. आता मला सांगा, किट आहे, सोल्डर केल्याशिवाय ते चालतं की नाही हे कळणार कसं, आणि सात दिवसांत नोकरी करून कोण बनवून संपवतो? पण हे डोक्यात शिरलं ते फार उशिरा.

बनवलं. पहिल्यांदा व्हॉल्व्ह न लावता प्लग लावला आणि फट्. फ्यूज उडाला. दुसरा टाकला, तोही उडाला. त्याला फोन केला तर एकदम गोड आवाजात, "सर पहिलाच बिल्ड आहे ना तुमचा? रेक्टिफायरच्या सॉकेटची ४ आणि ६ नंबरची पिन चेक करा, नव्वद टक्के लोक तिथेच चुकतात." केली. मग म्हणे पायलट लॅम्पची वायर कुठेतरी चॅसीला, म्हणजे पत्र्याच्या सांगाड्याला, टेकत असेल. तीही काढून परत लावली. मग म्हणे फोटो पाठवा. मी टेबल लॅम्प लावून चांगले वरून, बाजूने, आतून असे दहा-बारा फोटो काढून पाठवले, त्यावर उत्तर आलं की ग्राउंडिंगचे दोन जॉइंट कोल्ड, म्हणजे सोल्डर नीट न धरलेले, दिसतायत, सगळे परत तापवा. असं दीड महिना चाललं, सगळं वायरिंग मी दोनदा उचकटून नव्याने केलं, आणि एकदाही मनात आलं नाही की ह्याचाच माल खराब असेल. फ्यूजचा अख्खा डबा संपला.

शेवटी बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या मागे ट्रान्सफॉर्मरची तार गुंडाळून देणारे एक वाइंडिंगवाले काका आहेत, सत्तरीचे, व्हॉल्व्हच्या रेडिओच्या जमान्यापासूनचे, त्यांच्याकडे नेलं. त्यांनी चॅसीकडे नीट बघितलंसुद्धा नाही. आधी विचारलं, "सिरीज लॅम्पवर लावलं होतंत का?" म्हटलं नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की बास.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लाइनमध्ये १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये टाकायचा, एलईडी नाही चालणार, आणि त्यातून ट्रान्सफॉर्मरला सप्लाय द्यायचा. ट्रान्सफॉर्मर ठीक असेल तर बल्ब क्षणभर लुकलुकून जवळजवळ विझतो. काकांनी माझ्या ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या, म्हणजे अँपकडे जाणाऱ्या बाजूच्या, सगळ्या वायर मोकळ्या केल्या, म्हणजे त्याच्यापुढे माझं वायरिंग काही उरलंच नाही, आणि लावला. बल्ब पेटला तो पेटलेलाच. मग स्टेपडाऊनवरून ११० दिले तर बल्ब शांत आणि व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरच्या वाइंडिंगला बरोब्बर सहाच्या वर व्होल्ट. काकांनी नखाने "२३० व्हो" चं स्टिकर खरवडलं, खाली छापलेलं होतं १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. अमेरिकेतला कुठला तरी भंगारातला माल. त्याला २३० दिल्यावर कोअर (आतला लोखंडी गाभा) सॅच्युरेट होणार, भसाभस करंट ओढणार आणि फ्यूज उडणारच, माझ्या जागी कोणी इंजिनिअर असता तरी उडाला असता.

मग काका पेटलेच. आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधला, तो उघडला. ह्या अँपात एकच ६व्ही६ असतो, सिंगल एंडेड, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरमधून सतत ४०-४५ मिलिअँपिअर डीसी वाहतो, म्हणून त्याच्या स्टॅम्पिंगमध्ये (आतल्या पत्र्यांत) सगळ्या ई आकाराच्या पत्र्या एका बाजूला, आय दुसऱ्या बाजूला आणि मध्ये कागदाची फट ठेवतात. माझ्यातल्या पत्र्या एकाआड एक उलटसुलट घातलेल्या, फट नाहीच. साधा मेनचा ट्रान्सफॉर्मर, रंग मारलेला. "हा वाजला असता हो, पण डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा."

डीसी सपाट करणाऱ्या फिल्टर कपॅसिटरचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. वरचं ४५० व्होल्टचं वेष्टन कापलं तर आत २५० व्होल्टचा बारका कपॅसिटर. ह्या सर्किटमध्ये तिथे साडेतीनशेच्या आसपास डीसी येतो. म्हणजे तो ट्रान्सफॉर्मर बरोबर असता तर हा कपॅसिटर माझ्या तोंडासमोर फुटला असता. एका फसवणुकीने दुसरीपासून वाचवलं म्हणायचं.

आणि तो अमेरिकन ६व्ही६? थिनरच्या बोळ्याने छाप पुसला गेला आणि तिरक्या उजेडात धरल्यावर खाली रशियन अक्षरं दिसली, ६पी६एस. सोव्हिएत काळातला, ६व्ही६ च्या जागी चालणारा. काका म्हणाले व्हॉल्व्ह बरा आहे, नाव खोटं लावलंय. पण किंमत नावाची घेतली होती ना.

त्यानंतर मी पुराव्यासकट मेसेज केला आणि वर लिहिलंय ते उत्तर आलं, मग ब्लॉक. बँक म्हणाली पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन केला, त्यांनी तक्रार घेतली पण म्हणाले लगेच कळवलं असतं तर खात्यात पैसे अडवता आले असते. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रारीचा नंबर मिळालाय, समोरून उत्तर नाही. म्हणून सांगतो, किट घ्याच हवं तर, पण पैसे कार्डाने द्या, खोकं आलं की सोल्डरिंग आयर्न लावायच्या आधी दोन्ही ट्रान्सफॉर्मर तसेच मोकळे सिरीज लॅम्पवर आणि मीटरवर तपासा, त्याचा व्हिडिओ करून ठेवा, आणि "सर तुमचंच काहीतरी चुकलंय" हे दुसऱ्यांदा ऐकलं की तिसरा फ्यूज टाकू नका. तुमच्या गावात वाइंडिंगवाला असेल तर त्याला आधीच दाखवा, माझ्या काकांनी तपासायचे शंभर रुपये घेतले.

दोन्ही ट्रान्सफॉर्मर काकांनी नवीन वाइंड करून दिले, कपॅसिटर बदलले, व्हॉल्व्ह तोच ठेवला, आणि अँप आता छान वाजतो. परवा त्या विक्रेत्याची नवी जाहिरात दिसली. "आमच्या ग्राहकाने घरी बनवलेला अँप, बघा किती सुबक वायरिंग." चॅसीखाली आमच्या डायनिंग टेबलाचं पिवळं प्लास्टिक, कोपऱ्यात लोणच्याचा डाग. फोटो माझाच होता, कोल्ड जॉइंटवाला.