आठ पोर्टचा मॅनेज्ड स्विच, आठ महिने वापरून: व्हीलॅन जमलं, पण पीव्हीआयडीने दमवलं

कॅमेरे आणि पाहुण्यांचं वायफाय माझ्या कामाच्या कॉम्प्युटरपासून वेगळं हवं होतं आणि त्यासाठी तीन तीन स्विच मांडून ठेवायचे नव्हते, म्हणून हा मॅनेज्ड स्विच घेतला, म्हणजे ज्याच्यात प्रत्येक पोर्टची सेटिंग्ज आपल्याला ठरवता येतात असा. व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचमध्ये पाडलेली वेगवेगळी नेटवर्क, प्रत्येकाला एक नंबर. व्हीलॅन १० मध्ये आमची मशीन्स, २० मध्ये कॅमेरे, ३० पाहुण्यांसाठी. पोर्ट १ राउटरकडे जातो, पोर्ट ८ वर ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा), हे दोन्ही टॅग्ड, म्हणजे डेटाच्या प्रत्येक पाकिटावर (फ्रेमवर) व्हीलॅनचा नंबर लावलेला, बाकीचे अनटॅग्ड, म्हणजे बिननंबरचे.

आता खरी गोष्ट. या स्विचमध्ये पोर्ट व्हीलॅनला जोडायचा तर दोन वेगवेगळ्या पानांवर जावं लागतं आणि हे कुठेही धड सांगितलेलं नाही. एका पानावर मेंबरशिप, म्हणजे टॅग्ड की अनटॅग्ड ते टिक करायचं, आणि दुसऱ्यावर प्रत्येक पोर्टचा पीव्हीआयडी (पोर्ट व्हीलॅन आयडी). मी पोर्ट ५ व्हीलॅन २० मध्ये अनटॅग्ड केला, अप्लाय दाबलं, कॅमेरा लावला तर त्याला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ताच मिळेना. केबल बदलून पाहिली, कॅमेरा रिसेट केला, राउटरवरचं डीएचसीपी (आयपी वाटणारी सोय) तपासलं, दोन संध्याकाळी यातच गेल्या. शेवटी डोक्यात प्रकाश पडला की मेंबरशिप ठरवते फ्रेम पोर्टमधून बाहेर कशी जाणार, आणि बिनटॅगची फ्रेम आत आली की ती कुठल्या व्हीलॅनची धरायची ते पीव्हीआयडी ठरवतो. माझा पीव्हीआयडी १ च राहिला होता, त्यामुळे कॅमेरा आयपी मागत होता व्हीलॅन १ मध्ये आणि तिथे द्यायला कोणीच नव्हतं. त्या रकान्यातला १ खोडून २० केलं आणि मिनिटभरात चित्र दिसायला लागलं. ऑफिसच्या स्विचवर ‘स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन २०’ एवढ्या एका ओळीच्या कमांडमध्ये दोन्ही कामं होतात, म्हणून हा फरक मला इतकी वर्षं कधी कळलाच नव्हता.

अजून एक, पोर्ट व्हीलॅन २० मध्ये टाकला म्हणून तो व्हीलॅन १ मधून आपोआप निघत नाही हां. हाताने काढायचा, नाहीतर व्हीलॅन १ चा ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम पाठवलेला डेटा) त्या पोर्टवर येत राहतो आणि आपण समजतो सगळं वेगळं झालं.

अप्लाय म्हणजे सेव्ह नव्हे, हेही लक्षात ठेवा. स्विच दुसऱ्या जागी हलवायला प्लग काढला आणि सगळी सेटिंग्ज गेली, परत पहिल्यापासून. आता बॅकअप फाइल काढून ठेवलीये.

आवडलं ते मनापासून सांगतो. ॲक्सेस पॉइंट दुसऱ्याच कंपनीचा आहे तरी पहिल्या फटक्यात जुळला, कारण टॅग ८०२.१क्यू प्रमाणे आहे, १९९८ पासूनचं स्टँडर्ड, फ्रेममध्ये ४ बाइट जास्त आणि त्यातल्या १२ बिटांत व्हीलॅनचा नंबर, १ ते ४०९४ मधला कुठलाही वापरा. एकाच केबलवरून तिन्ही नेटवर्क आठ महिने विनातक्रार चाललीत, स्पीडमध्येही काही फरक जाणवला नाही. फक्त प्रिंटर कॅमेऱ्यांबरोबर २० मध्ये टाकला तेव्हा फोनला तो सापडेना, कारण फोन ज्या मल्टिकास्टने (एकाच वेळी अनेकांना दिलेल्या हाकेने) प्रिंटर शोधतो ते व्हीलॅन ओलांडून जात नाही. तो परत १० मध्ये आणला.

एक गोष्ट मात्र खटकते आणि ती लहान नाही. स्विचचं लॉगिन पान कुठल्याही व्हीलॅनमधून उघडतं. पाहुण्यांच्या नेटवर्कवर लॅपटॉप जोडून, त्याला स्विचच्या रेंजमधला आयपी हाताने देऊन पाहिला, तर लॉगिन पान लगेच समोर. मॅनेजमेंट एकाच व्हीलॅनपुरतं ठेवायची सोयच नाही. कंपनीला मेल केला, त्यानंतर दोन फर्मवेअर (स्विचच्या आतल्या सॉफ्टवेअरचे अपडेट) आले, दोन्ही टाकून पुन्हा तसंच तपासलं, पान अजून उघडतंय. मोठा पासवर्ड ठेवून घरी मी वापरतोय, पण जिथे अनोळखी लोक येऊन केबल लावू शकतात तिथे हा स्विच मी बसवणार नाही.