पाकिटावर टिमोथी, आत भाताचा पेंढा

पाळीव गिनीपिगला घालायच्या सुक्या गवताचं, एक किलोचं पारदर्शक पाकीट. वर हिरव्या कुरणाचं चित्र, खाली ठळक अक्षरांत 'टिमोथी', किंमत ६५० रुपये. उत्तर गोव्यातल्या एका दुकानातून घेतलेलं हे पाकीट घरी वर्तमानपत्रावर ओतलं आणि तांदूळ निवडावेत तसं निवडलं. पिशवीसकट वजन भरलं ९१० ग्रॅम, रिकाम्या पिशवीचं १५. वरच्या थरात लांब, हिरव्या, सुवासिक काड्या होत्या, त्या वेगळ्या केल्या तर ११० ग्रॅम. रव्याच्या चाळणीतून खाली गळला १४० ग्रॅम चुरा आणि धूळ. उरलेले ६४५ ग्रॅम म्हणजे इंच-इंच कापलेले पिवळे तुकडे. आणि चाळणीखालच्या चुऱ्यात साळीचे सात दाणे, तुसासकट.

टिमोथी हे थंड प्रदेशातलं गवत. अमेरिका, कॅनडा आणि युरोपातल्या कुरणांत ते पिकतं. ते भाताच्या खळ्यातून जात नाही, त्यामुळे त्यात साळ सापडायचं काही कारणच नाही. सात दाण्यांनी सगळी गोष्ट सांगितली: खालचा माल म्हणजे भाताचा पेंढा, यंत्रात कापलेला, वर मूठभर खरं गवत पसरलेला. दुकानदाराचं उत्तर एवढंच होतं, "आम्हाला वरून असंच येतं." हिशेब मांडला तर ११० ग्रॅम गवताला ६५० रुपये मोजले गेले, म्हणजे किलोला ५,९०० रुपयांच्या वर.

पैशांचं दुःख आहेच, पण खरा धोका प्राण्याला आहे आणि तो उशिरा दिसतो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहोत. गिनीपिगच्या रोजच्या खाण्यातला मोठा वाटा, साधारण ८० टक्के, सुक्या गवताचा असतो, आणि ते चोवीस तास समोर असावं लागतं. त्याचे वीसच्या वीस दात आयुष्यभर वाढत राहतात. लांब गवत आडवं चावून चावून दाढा झिजतात. गवत कमी खाल्लं की खालच्या दाढा आतल्या बाजूला वाढून जिभेवर कमान धरतात आणि मग प्राण्याला भूक असूनही गिळता येत नाही. आतडंही तंतूंवरच चालतं, ते थांबलं की पोट फुगतं. पेंढ्यातही तंतू असतात, नाही असं नाही. पण दाणा भरताना झाडाचं सत्त्व दाण्यात गेलेलं असतं, मागे राहतो तो सिलिकानं भरलेला, खरबरीत, चार टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असलेला सांगाडा. टिमोथीत ती साधारण आठ-दहा टक्के असतात. गिनीपिग पेंढा हुंगतो, दोन काड्या चघळतो आणि तयार खाद्याच्या गोळ्यांच्या वाटीकडे वळतो. वाटी रिकामी होते, घरच्यांना वाटतं छान खातोय, आणि तिकडे दाढा वाढत असतात. म्हशीसाठी पेंढा उत्तम वैरण आहे, तिच्या पोटाचे चार कप्पे वेगळे. गिनीपिगचं तसं नाही.

ओळखायचं कसं? काडी आतून पोकळ आहे म्हणजे पेंढा, असं बरेच जण सांगतात. ते चूक आहे, टिमोथीची काडीही पोकळ असते. आधी पानं शोधा. गवत फुलोऱ्यावर येतानाच कापलेलं असतं, त्यामुळे काडीबरोबर मऊ, हिरवट पानं भरपूर असतात. पेंढा पीक पिकल्यावर उरलेला असतो, म्हणून तो सरसकट पिवळा, चकचकीत, आणि पानं असलीच तर कडा बोटाला कापणाऱ्या. मग कणीस शोधा. टिमोथीचं कणीस म्हणजे बाजरीच्या कणसाची पेन्सिलएवढी बारीक आवृत्ती: गच्च, गोल, बोटभर लांब, उलट्या दिशेनं बोट फिरवलं की खरखरतं. एकदा पाहिलं की विसरत नाही. टिमोथीऐवजी वापरता येणाऱ्या ओटचं (जईचं) कणीस मोकळं असतं, दाणे झुमक्यांसारखे लोंबतात. पानाळ, मऊ दुसऱ्या कापणीच्या टिमोथीत कणसं कमी असतात, हे खरं, पण किलोभर मालात एकही नाही असं क्वचित. म्हणूनच फसवणाऱ्याचं पहिलं हत्यार म्हणजे कापणी यंत्र. इंचभर तुकडे केले की कणीस, पान, पेर काहीच ओळखू येत नाही. कापलेलं गवत 'खायला सोपं' म्हणून विकतात. दाढा झिजवायला लांब काडीच हवी, तेव्हा कापलेला माल घेऊच नये.

दुसरी फसवणूक उलट्या बाजूची, आणि ती जास्त घातक. टिमोथी म्हणून लसूणघास देतात. लसूणघास महाराष्ट्र-गुजरातेत पिकतो, आयात मालापेक्षा सहज मिळतो, हिरवागार दिसतो आणि गिनीपिग त्यावर तुटून पडतो, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. ओळख सोपी आहे: हे गवत नाहीच, मेथीच्या जातकुळीतलं झाड आहे. काडी लाकडी, पानं लांब पात्यासारखी नसून तीन-तीन छोट्या पानांची, सुकल्यावर चुरून पाकिटाच्या तळाशी जमणारी. कधी कधी जांभळं फूल सापडतं. सहा महिन्यांखालच्या पिल्लाला आणि गाभण मादीला तो चालतो. मोठ्या गिनीपिगला रोज दिला तर त्यातलं कॅल्शियम, जे टिमोथीच्या साधारण तिप्पट असतं, लघवीवाटे बाहेर पडताना साचतं. पिंजऱ्यातल्या कापडावर लघवी वाळल्यावर खडूसारखा पांढरा थर राहू लागला तर गवत बदला. लघवी करताना प्राणी ओरडला किंवा लाल डाग दिसला तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठा, मूत्राशयात खडा असू शकतो.

तिसरी गोष्ट आपल्या हवेची. गोव्यात जून ते सप्टेंबर आर्द्रता सतत ८० ते ९० टक्क्यांत असते. मोठी गासडी फोडून दुकानाच्या मागच्या खोलीत किलो-किलोची पाकिटं भरली की गवत ओल ओढून घेतं, आणि ते वजनात भरतं. सुक्या गवतात १२ ते १५ टक्के पाणी ठीक. २५ टक्के पाणी असलेलं किलोभर गवत नीट सुकवलं तर साडेआठशे ग्रॅमच उरतं. उरलेल्या दीडशे ग्रॅमला तुम्ही गवताच्या भावानं पाणी घेतलेलं असतं, आणि वर बुरशी. पाकीट फोडल्यावर पावसाळी कपाटासारखा कुबट वास आला, हलवल्यावर राखाडी धूर उडाला किंवा काड्या एकमेकींना चिकटून चपट्या झाल्या असल्या, तर ते उन्हात टाकून वापरायचा मोह टाळा. ऊन पाणी काढतं, बुरशीचे कण तसेच राहतात आणि गिनीपिगची छाती नाजूक असते.

ओल तपासायची घरगुती रीत आहे. दोन चमचे मीठ तव्यावर कोरडं भाजून पूर्ण थंड करा. भाजल्याशिवाय उपयोग नाही, पावसाळ्यात आपलं मीठ स्वतःच ओलं असतं. काचेची कोरडी बरणी घेऊन अर्धी होईल एवढं गवत बारीक कापून भरा, मीठ घाला, झाकण घट्ट लावून मिनिटभर हलवा, दहा मिनिटं ठेवा. मीठ बरणीच्या काचेला चिकटलं तर ओल पंधरा टक्क्यांच्या वर आहे. मोकळं खाली पडलं तर माल ठेवण्याजोगा आहे.

'व्हिटॅमिन सी युक्त गवत' असं छापून शंभर रुपये जास्त घेणारी पाकिटंही आहेत. गिनीपिगचं शरीर हे जीवनसत्त्व बनवू शकत नाही, हे खरं. पण गवतातलं व्हिटॅमिन सी सुकवताना आणि साठवताना जातं. त्यासाठी रोज ढब्बू मिरचीचा तुकडा द्या, गवताला जास्त पैसे देऊ नका.

मग परवडणारं काय? पहिलं म्हणजे टिमोथी या नावाचा हट्ट सोडा. मोठ्या गिनीपिगसाठी दाणा पिकण्याआधी कापलेलं, हिरवट, पानाळ ओटचं गवत चांगलं आहे. ते भारतात पिकतं, त्यामुळे स्वस्त पडायला हवं. मात्र तेही पिकून पिवळं झालेलं असेल तर तो ओटचा पेंढाच. टिमोथीच्या नावाखालच्या पेंढ्यापेक्षा ओट म्हणूनच विकलेलं ओट केव्हाही बरं. किंमत नेहमी किलोत काढा, पोहोच खर्च धरून: ५०० ग्रॅम ४५० रुपयांना आणि वर ९० रुपये कुरिअर म्हणजे किलोला १,०८० रुपये. दोन गिनीपिगना वाया जाणारं धरून महिन्याला साधारण चार किलो लागतं. तेव्हा तीन-चार घरांनी मिळून दहा-पंधरा किलोची गासडी मागवली तर भाव उतरतो. पण गासडी मध्ये कापून, आत हात घालून बघा. आतून गरम किंवा तपकिरी लागली तर परत. वरचा थर सगळ्यांचाच चांगला असतो.

स्वतः सुकवायचं असेल तर पाऊस सरल्यावर, नोव्हेंबरात, तणनाशक न मारलेल्या जागचं. रस्त्याकडेचं, शेताच्या बांधावरचं किंवा बागायतीतलं गवत मालकाला फवारणीबद्दल विचारल्याशिवाय घेऊ नका. कुणी 'घरगुती सुकवलेली हरळी' विकत असेल तरी हाच प्रश्न. दव उडाल्यावर कापून गच्चीवर दोन-तीन इंचांचा थर, दिवसातून दोनदा उलथायचं, तीन दिवसांत होतं. चार किलो ओल्या गवतातून जेमतेम किलोभर सुकं मिळतं, त्यामुळे फारच स्वस्त विकणारा काय विकतोय याचा विचार करा. नवं गवत आठवडाभर जुन्यात मिसळत मिसळत द्या.

ऑनलाइन घेताना आगाऊ यूपीआय मागणारा, मालाचा त्याच दिवशीचा, हातात धरलेल्या मुठीचा व्हिडिओ द्यायला टाळाटाळ करणारा, पिशवी उघडल्यावर परत घेणार नाही म्हणणारा, या तिघांना सरळ नाही म्हणा. पैसे गेले आणि समोरचा गायब झाला तर तासाभरात सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, फोन करा.

पाकीटबंद मालावर भरणाऱ्याचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, मालाचं नाव, निव्वळ वजन, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. परदेशी असेल तर मूळ देशही. निव्वळ वजनात पिशवी धरत नाहीत. सुरुवातीच्या त्या पाकिटावर ना आयातदार होता ना देश, फक्त कुरणाचं चित्र. हे तिथंच, पैसे देण्याआधी, दिसायला हवं होतं, आणि ते राहून गेलं. लेबल अपुरं किंवा वजन कमी असेल तर वजनमापे खात्याकडे तक्रार होते. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पुढे जायचं तर जिल्हा ग्राहक आयोगात, दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मालाला शुल्क नाही. पण पुरावा पाकीट फोडण्याआधीच सुरू होतो: लेबल आणि काटा एकाच चौकटीत दिसेल असा व्हिडिओ सलग घ्या, मग पाकीट कापा, ओता, चाळा. बिल कच्च्या कागदावर घेऊ नका. बिलावर मालाचं नाव लिहून मागा, नुसतं 'पेट फूड' नको.

फसवलेलं गवत आठवडा-दोन आठवडे खाऊन झालं असेल तर प्राण्याचं वजन रोज एकाच वेळी करा. आठवड्यात ५० ग्रॅम उतरलं तर लक्ष ठेवा, १०० उतरलं तर पशुवैद्याकडून दाढा तपासून घ्या. लेंड्या लहान, कोरड्या, टोकदार झाल्या तर तेही लक्षण आहे. बारा तास काहीच खाल्लं नाही तर सकाळची वाट बघू नका.

पावसाळ्यासाठी साठा मेअखेरीच्या कोरड्या दिवसांत भरा, मिठाची परीक्षा करूनच, आणि घट्ट झाकणाच्या डब्यांत दोन-दोन किलो. एकच मोठा डबा रोज उघडला तर सगळंच दमट होतं. जूननंतर विकत घ्यायचं झालं तर दोन आठवड्यांपेक्षा जास्त घेऊ नका. डबा जमिनीवर नको, फळीवर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब. गणेशचवथीपर्यंत दर रविवारी उघडून नाक घालून वास घ्या.