सुट्टीतली पोरं मोगऱ्यात की जरबेऱ्यात?
उन्हाळ्यात काम शिकायला येणाऱ्या कॉलेजच्या पोरांसाठी आमच्या वावरात दोन जागा असतात: उघड्यावरचा मोगरा आणि पॉलिहाऊसमधला, म्हणजे प्लास्टिकच्या छताखालचा, जरबेरा.

मोगऱ्याला पहाटेच हजर व्हावं लागतं. पांढरी, टपोरी, पण न उमललेली कळी तेवढी तोडायची. हिरवट राहिली तर वजन भरत नाही, उमलली तर गजऱ्याच्या कामाची राहत नाही. सुरुवातीला पोरांच्या टोपलीत निम्म्या कळ्या हिरव्याच; शेजारच्या ओळीतल्या मावशी मात्र गप्पा मारत नुसत्या बोटांनी ओळखतात. माल सकाळीच सीताबर्डीच्या फूलबाजारात पोचवायचा, म्हणून काम लवकर आटोपतं. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा हीच मोठी सोय.

जरबेऱ्याला सावली, ठिबक, धुक्यासारखं पाणी उडवणारे फॉगर असा सगळा थाट. पण दुपारी आतला दमट उकाडा असा की बाहेरचं ऊन परवडलं! इथे कात्री चालत नाही. दांडा बुडाशी धरून वाकवत ओढायचा आणि लगेच पाण्यात ठेवायचा; कापला तर उरलेला खुंट कुजतो. खतपाण्याचा पीएच (आम्लता), लाल कोळी ही कीड, रोजची नोंदवही... शिकायला इथेच जास्त मिळतं, आणि कॉलेजचा अहवालही झकास होतो.

तरी मी नव्यांना आधी मोगऱ्यातच पाठवते. तिथे चुकलं तर कळी जाते. जरबेऱ्यात हिसका चुकला की महागाचं रोपच हातात येतं. जेवण, मानधन दोन्हीकडे सारखं. हात बसला की खुशाल पॉलिहाऊस मागा, फक्त बारा ते चार आत कुणी जायचं नाही.