जुनी मारुती ८०० की नवी सी-क्लास, इंदूरात काय परवडतं

ज्यांचं फिरणं रामबाग, नारायण बाग, राजवाडा एवढ्यातच आहे त्यांनी मर्सिडीजच्या सी-क्लासचं नाव पण काढू नका. ८०० ची लांबी ३३३५ मिमी आणि सी-क्लासची ४७५१, म्हणजे जवळपास दीड मीटर जास्त, आणि राजवाड्यामागच्या गल्लीत समोरून लोडिंग रिक्षा आली की हा दीड मीटर चांगलाच कळतो, ८०० वाला कोपऱ्यात घालून निघून जातो आणि मर्सिडीजवाला काच खाली करून "भिया, जरा पीछे लेना" करत बसतो.

ओंकारेश्वरच्या वाटेवरच्या भेरूघाटात मात्र सगळं उलटं. ८०० मध्ये ७९६ सीसी, तीन सिलेंडर, त्यात चार माणसं आणि ओंकारेश्वरचं सामान, एसी बंद करून सेकंडवर चढवा, आणि ट्रकमागे अडकलात तर मग अडकलातच. सी-क्लासच्या सी २०० मॉडेलला दीड लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २०४ एचपी, नऊ गिअर तेही ऑटोमॅटिक. आरामाचं तर विचारूच नका.

पण खरी गोष्ट सेफ्टीची आहे. ८०० ला ना एअरबॅग ना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टीम), पत्रा किती जाड ते बोनेटवर बोट दाबून बघा. हायवेला घरचे घेऊन जाणं होत असेल तर ही गाडी नकोच, बाबांनी घेतलेली वगैरे सगळं ठीक आहे. अर्थात त्यासाठी मर्सिडीजच पाहिजे असं पण नाही, सहा एअरबॅगवाली गाडी आता दहा लाखाच्या आत येते, आणि ही सी-क्लास २०२२ मध्ये आली तेव्हाच एक्स-शोरूम ५५ लाखांपासून होती. आवडते म्हणून घ्या ना, सेफ्टीचं कारण घरी सांगायला ठेवा.

खर्चाच्या बाबतीत ८०० च बरी, कुठल्याही चौराह्यावरचा मेकॅनिक ती डोळे झाकून उघडतो. सी-क्लासमध्ये इंजिनला मदत करणारी ४८ व्होल्टची इलेक्ट्रिक सिस्टीम, जागोजागी सेन्सर, साधा बंपर घासला तरी आधी इन्शुरन्सवाल्याला फोन, आणि त्या इन्शुरन्समध्येही पाच वर्षांत आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, निम्म्यावर येते. ८०० ची किंमत उतरायची तेवढी उतरून झालीय.

फुकट तीही नाही म्हणा. १५ वर्षं झाली की फिटनेस करून दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं, दिल्लीसारखी बंदी आपल्याकडे नाही एवढं बरं. पंपावर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, ही गाडी त्यासाठी बनलेलीच नाही, म्हणून पेट्रोलचे रबरी पाइप आणि सील एकदा बघून घ्या, वास यायला लागायची वाट बघू नका.

आणि मर्सिडीजच ठरली असेल तर उज्जैनच्या व्यापार मेळ्यापर्यंत थांबा, २०२४ पासून तिथे रोड टॅक्सवर ५० टक्के सूट मिळत आलीय, एवढ्या महाग गाडीवर ती लाखांत जाते. नंबर मात्र इंदूरचा एमपी-०९ नाही, उज्जैनचा एमपी-१३ मिळेल, ते चालत असेल तर.