टेलि-मानस १४४१६ : गरोदरपणात कितपत कामाची?

रात्री दोनला छाती धडधडते, बाळाची काळजी डोक्यातून जात नाही आणि घरचे ‘असं होतंच गं’ म्हणून कूस बदलतात. त्या वेळी कुणाशी तरी बोलता यावं, तेही पैसे न मोजता, यासाठी टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा खरंच मोलाची आहे. केंद्र सरकारने ती १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केली. ती चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. १४४१६ नाही लागला तर १८००-८९-१४४१६ लावा.

आधी भाषा निवडायची, मग प्रशिक्षित समुपदेशक फोनवर येतात. गरज दिसली तर ते पुढच्या तज्ज्ञांकडे जोडून देतात किंवा प्रत्यक्ष दाखवायला सांगतात. नुसतं ‘टेन्शन येतं’ म्हणालात तर सल्लाही मोघमच मिळणार. त्यापेक्षा ‘सव्विसावा आठवडा आहे, दोन आठवडे पहाटे तीनला जाग येते, पुन्हा डोळा लागत नाही, जेवण जात नाही’ असं सांगा. चालू गोळ्या, आधीचा गर्भपात, पूर्वी कधी आलेलं नैराश्य हे फोनआधीच कागदावर लिहून ठेवा. घरात मोकळं बोलता येत नसेल तर गच्चीवर जा, पण अर्धवट सांगू नका.

उणीव एकच, पण मोठी. ही सेवा खास गरोदर बायकांसाठी नाही आणि फोनवर रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड कळत नाही. धडधड आणि थकवा रक्त कमी असल्यानेही येतो, थायरॉइड बिघडल्यानेही. त्यामुळे सोबत तपासणी हवीच. दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात सुरक्षित मातृत्व अभियानात ती मोफत होते; तिथे झोपेचं आणि मनाचंही आवर्जून सांगा, कारण आपणहून कुणी विचारेलच असं नाही.

नैराश्याच्या गोळ्या चालू असताना दिवस राहिले तर घाबरून त्या एकदम बंद करू नका. आजार उलटतो आणि त्याचा त्रास आई-बाळ दोघांना होतो. व्हॅल्प्रोएट हे फिट आणि मूडच्या आजारांवरचं औषध मात्र बाळाला घातक ठरू शकतं. ते चालू असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, बदल तेच करतील.

जीव द्यावासा वाटत असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा आणि एकटीने राहू नका. रक्तस्राव, डोळ्यांपुढे अंधारीसह जोरात डोकं दुखणं, बाळाची हालचाल मंदावणं यासाठी हा नंबर नाही. तेव्हा थेट रुग्णालय गाठा, गाडी नसेल तर १०८ लावा.